पेटीवरचे दोन आकडे वाचा

कपाशीला एखादे ओलीत मिळावे म्हणून आपण कर्ज काढून विहिरीवर मोटार बसवतो. मोटारीची अश्वशक्ती विचारतो; स्टार्टरची पेटी मात्र दुकानदार देईल ती घेतो. चूक येथेच होते. पेटीत धूळ बसते, पाल शिरते, कॉन्टॅक्ट खराब होतात, एक फेज जातो आणि मोटार जळते. पाणी शिरले तर पत्र्यात करंट उतरतो. मग जातो तो जीव.

पेटी किती बंदिस्त आहे हे 'आयपी' आकड्यावरून कळते. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी २० म्हणजे बोट आत जात नाही एवढेच. पाण्यापासून संरक्षण शून्य. आयपी ५४ शिंतोडे अडवते, आयपी ५५ पाण्याची धारही. आयपी ६५ मध्ये धूळ शिरतच नाही. उघड्या विहिरीवर ५५ च्या खाली जाऊ नये, असे आमचे मत आहे.

मात्र वायरीसाठी वरून भोक पाडले की आकडा वाया गेला. वायर खालून, ग्लँड लावूनच घ्यावी. झाकणाचे रबर तपासावे. पत्र्याच्या पेटीला अर्थिंग द्यावे.

दुकानदाराकडून आकडा बिलावर लिहून घ्या. आणि आपण आपली पेटी बंद करायची, पण बांधावरच्या डीपीची पेटी झाकणाविना उघडी, हे का सोसायचे? ती बंद करून मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. जिल्हा बैठकीला येताना गावातील उघड्या पेट्यांची यादी आणा. अर्ज सर्वांचा मिळून देऊ.