वेरूळची गर्दी, अजिंठ्याची वाट

सुट्ट्या सरल्या की पर्यटकांचे आकडे जाहीर होतात आणि ते गेल्या वर्षीपेक्षा फुगलेले असले की मंत्र्यांपासून हॉटेलवाल्यांपर्यंत सगळे खूश होतात. पण एकूण बेरजेत काय दडते, हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पाहावे. वेरूळ आणि अजिंठा ही दोन्ही लेणी १९८३ सालीच जागतिक वारशाच्या यादीत आली. तरीही वेरूळला येणाऱ्यांची संख्या अजिंठ्याच्या कितीतरी पुढे असते.

वेरूळ छत्रपती संभाजीनगर शहरापासून ३० किलोमीटरवर. वाटेत दौलताबाद, शेजारी घृष्णेश्वर. श्रावणात दर्शनाला आलेले कुटुंब कैलास लेणे पाहूनच परतते. अजिंठा शंभरेक किलोमीटर दूर. तिथे मुद्दाम जावे लागते. त्यात रुंदीकरणासाठी उखडलेल्या रस्त्याने पर्यटकांची कंबर मोडली. मग करोना आला. २०२० च्या मार्चमध्ये बंद झालेली लेणी डिसेंबरात उघडली, तरी परदेशांशी नियमित विमानसेवा सुरू व्हायला २०२२ चा मार्च उजाडला. जपान, थायलंड, श्रीलंकेतून येणाऱ्या बौद्ध यात्रेकरूंवर विसंबलेल्या गाइडने आणि डोलीवाल्याने तो काळ कसा काढला असेल? भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ६०० रुपये तिकीट असलेल्या ठिकाणी नुसती डोकी मोजून परदेशी पाहुणे न आल्याची झळ कळत नाही.

आता गर्दी वाढवण्याच्या योजना मांडल्या जातात. इथे आम्ही सरकारला सावध करू इच्छितो. कैलास लेणे उघड्या आभाळाखाली अखंड बेसॉल्टात कोरलेले आहे. त्याच्या प्रांगणात शेकडो माणसे सामावतात. अजिंठ्याची चित्रे मात्र माती, भुसा आणि चुन्याच्या थरांवर आहेत, बंद अंधाऱ्या दालनांत. माणसांच्या श्वासातला ओलावा तिथे कोंडतो आणि तो थर भिंतीपासून सुटू लागतो. म्हणूनच चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ४० जणांनाच सोडण्याचा नियम आहे. दिवाळीच्या सुट्टीत फर्दापूरच्या टी-पॉइंटवरून बसमागून बस भरून येते, पहिल्या लेण्याबाहेर चपलांचा ढीग साचतो, आत पहारेकरी ‘चला, पुढे चला’ म्हणत राहतो. एवढा प्रवास करून आलेल्या माणसाला पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर क्षणभरही उभे राहता येत नाही. ही त्याची फसवणूक आहे, आणि चित्राचीही.

तेव्हा दोन्ही ठिकाणांना एकच उद्दिष्ट लावणे थांबवावे. अजिंठ्याचा रस्ता निर्धोक ठेवणे ही शासनाची जबाबदारीच आहे. पण रस्ता सुधारला की गर्दी वाढणार, हे धरून पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांसाठी तासवार तिकिटे आधीच तयार हवीत. आणि पुरातत्त्व खात्याने दरमहा पर्यटकांच्या आकड्याशेजारी या लेण्यांमधल्या आर्द्रतेची नोंदही जाहीर करावी.