भिंतीबाहेरचा प्रेक्षक

चित्रपटाचे व्याकरण आम्ही शिकलेलो नाही. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, 'प्रभात'च्या जुन्या आवारात रीतसर शिकवले जाते. आम्ही येरवड्याचे, तिकीट काढून बसणारे आणि कंटाळा आला तर मध्यंतरात उठून घरी जाणारे. तरीही चित्रपट पाहण्याजोगा कशाने होतो, याविषयी आमचे एक मत आहे. नायकाचे ज्याच्याशी भांडण आहे, त्या माणसाला पडद्यावर पुरेशी जागा मिळाली का, एवढेच आम्ही पाहतो.

हे मत रोज दिसणाऱ्या कारागृहाच्या भिंतीने दिले. तिच्याआड २० सप्टेंबर १९३२ रोजी गांधींनी उपोषण आरंभले आणि चार दिवसांत पुणे करार झाला. अस्पृश्यांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा आल्या. रिचर्ड अ‍ॅटनबरोंचा 'गांधी' (१९८२) तीन तासांहून मोठा आहे. त्यात गोलमेज परिषद आहे, आगाखान पॅलेसमधली कैद आहे, कस्तुरबांचा मृत्यू आहे. आंबेडकर मात्र एकाही प्रसंगात नाहीत. बेन किंग्जलेंचे काम थोर आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्या उपोषणाने एका माणसाला आपल्या मागणीवर पाणी सोडावे लागले, ते गाळल्याने गांधीही सोपे झाले.

जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) मध्ये ही भेट आहे. मोहन गोखल्यांचे गांधी आम्हांला जरा किरकिरे वाटले. मामुट्टींच्या आंबेडकरांकडे दिग्दर्शकाचा कल उघड आहे. असो. निदान दोघे एकमेकांसमोर येतात, आणि कोण चुकले हे ठरवण्याचे काम प्रेक्षकावर पडते.

आमचे एक प्राध्यापक मित्र यावर हसले. "मग प्रत्येक खलनायकाला घरी नेऊन जेवू घालायचे काय?" म्हणाले. चैतन्य ताम्हाणे यांनी 'कोर्ट' (२०१४) मध्ये जवळजवळ तेच केले आहे. वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर, गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा खटला आहे. सरकारी वकीलबाई कायद्याची कलमे एकसुरात वाचत जातात. मग कॅमेरा त्यांच्यामागे निघतो: लोकलमधल्या गप्पा, मुलाला आणणे, घरचा स्वयंपाक. गीतांजली कुलकर्णींनी या बाईंना कुठेही दुष्ट होऊ दिलेले नाही. सुट्टीच्या दिवशी त्या सहकुटुंब नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीय तरुणाला मराठी बाप घराबाहेर काढतो आणि नाट्यगृह खूश होते. तशा नाटकांना आम्हीही गेलो आहोत. त्या प्रसंगी आमच्या मागच्या रांगेत कोणी तरी मनापासून हसले. नाटकाला हसले की नाटक पाहणाऱ्यांना, ते अंधारात कळले नाही.