जित्राब आणि पाळीव प्राणी : एका दुटप्पीपणाविषयी

मराठी साहित्यावरील एका चर्चासत्रात परदेशस्थ मराठी माणसांच्या लेखनाचा समाचार घेताना एका वक्त्याने वाक्य टाकले: या लेखनात आता माणसे उरलेली नाहीत, मांजरे उरली आहेत. सभागृह हसले. चित्रफीत पाहताना क्षणभर आम्हीही हसलो. मग खिडकीत बसलेल्या आमच्या मांजरीकडे लक्ष गेले आणि हसू ओसरले. याच वक्त्याने त्याआधीची पंधरा मिनिटे आनंद यादवांच्या 'गोतावळा'विषयी गहिवरून बोलण्यात घालवली होती. गोठ्यातले जनावर म्हणजे संस्कृती आणि भाड्याच्या खोलीतले जनावर म्हणजे चोचला, ही वाटणी त्याने इतक्या सहजपणे केली, की ती वाटणी आहे हेही कुणाच्या ध्यानात आले नाही. आमचे भांडण त्या वक्त्याशी नाही, त्या सहजपणाशी आहे.

आम्ही दोघेही उजनीकाठचे. भीमेवरचे हे धरण १९८० साली माढा तालुक्यात पुरे झाले आणि त्याच्या जलाशयाने सोलापूर, पुणे आणि तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, या जिल्ह्यांतली गावे गिळली. करमाळा तालुक्याच्या नकाशावर केत्तूर नं. १, केत्तूर नं. २, वांगी नं. १, वांगी नं. २ अशी नावे वाचणाऱ्याला गंमत वाटते. आम्हांला वाटत नाही. गाव पाण्यातून वर आले ते तुकड्यांनी, आणि तुकड्यांना नवी नावे मिळाली नाहीत, आकडे मिळाले.

आमच्यापैकी एकाच्या जुन्या घरी सोप्यातच दावण होती. एका अंगाला माणसे निजत, दुसऱ्या अंगाला दोन खिलारी बैल आणि रतनी नावाची पंढरपुरी म्हैस, मागे खांद्यापलीकडे गेलेल्या लांब शिंगांची. नव्या गावठाणात वाट्याला आला तो मोजून दिलेला तुकडा. त्यात घर बसत होते, गोठा बसत नव्हता. आजोबांनी बैल विकले. रतनी काही महिने दारात बांधली. मग भिंतीला भिंत लागलेल्या शेजाऱ्यांची कुरकुर सुरू झाली आणि तीही वरच्या अंगाच्या पाहुण्यांकडे गेली. 'येथे जनावरे ठेवण्यास मनाई आहे' असे कुणी लिहून दिले नव्हते. जागेच्या मापातच ते लिहिलेले होते. आजी त्या नव्या घराला मरेपर्यंत 'खोली' म्हणत राहिली. 'घर' हा शब्द तिने त्या चार भिंतींना कधी लावला नाही.

आता आम्ही जर्मनीत आहोत, चौथ्या मजल्यावर, बेचाळीस चौरस मीटरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत. इथल्या करारातही कलम होते: लहानसहान पिंजऱ्यातले प्राणी सोडून अन्य प्राणी ठेवायचा, तर मालकाची पूर्वसंमती हवी. आम्ही पत्र लिहिले. फरशीवर ओरखडे पडणार नाहीत, जिन्यात घाण होणार नाही, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही, अशा हमी दिल्या. तीन आठवडे उत्तर नव्हते. त्या तीन आठवड्यांत आम्हांला आजीची 'खोली' कळली. ज्या जागेत कुणाला सोबत घ्यायचे, हे दुसरा ठरवतो, ती जागा आपण वापरतो. तिच्यात राहत नाही.

संमती आली. प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक करडी, एका कानाला फाटलेली मांजर आणली. नाव रतनी. आमची मुलगी बालवाडीत जर्मन बोलते, आमच्याशी दोन्ही भाषांची सरमिसळ करते. शुद्ध आज्ञार्थी मराठी ती फक्त रतनीशी बोलते. ये, बस, हो बाजूला, खा की गं. गावाकडून फोन आला, की सासूबाई आमच्याआधी तिची चौकशी करतात: "रतनीचं वैरणपाणी झालं का?" मांजरीला वैरण लागत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. पण ज्या शब्दाला चाळीसहून अधिक वर्षे घरात काम नव्हते, त्याला त्यांनी पुन्हा कामाला लावले आहे. या वाक्यात माणूस उरलेला नाही, असे ज्या समीक्षकाला वाटते, त्याने आपले कान तपासून घ्यावेत.

आता साहित्याकडे वळू. 'गोतावळा' १९७१ साली आली. नारबा हा मालकाच्या रानात राबणारा आणि तिथेच राहणारा गडी. त्याचे सगेसोयरे म्हणजे ती जनावरे. मालक ट्रॅक्टर आणतो आणि हा गोतावळा उधळतो. यांत्रिकीकरणाची शोकांतिका म्हणून ही कादंबरी आपण वर्गात शिकवतो. ते चूक नाही. पण एक साधी गोष्ट आपण शिकवत नाही. रान नारबाचे नव्हते, जनावरेही नारबाची नव्हती. कुणी राहायचे, कुणी जायचे, हे ठरवण्याचा अधिकार मालकाकडे होता. भाडेचिठ्ठी नसलेला नारबा हा भाडेकरूच होता. त्याचे दुःख एवढेच नव्हते, की ट्रॅक्टर आला. दुसऱ्याच्या जागेत जोडलेले नाते एका शब्दाने तोडता येते, हेही होते. हे एकदा मान्य केले, की नारबा आणि परदेशातल्या दोन खोल्यांत मांजरासाठी अर्ज लिहिणारा माणूस यांच्यात पडदा धरता येत नाही.

दुसऱ्या फळीवर पु. ल. देशपांडे यांचा 'पाळीव प्राणी' आहे, 'हसवणूक'मधला. आम्ही तो वाचून हसलो आहोत आणि पुढेही हसू. पुलंनी खिल्ली उडवली ती प्राणी पाळणाऱ्यांच्या मिरवण्याची, मिरवणाऱ्याला हसावेच. मात्र पुढच्या पिढ्यांनी विनोद घेतला आणि त्याचा सिद्धान्त केला: शहरात, मध्यमवर्गात, फ्लॅटमध्ये प्राणी आला, की तो विनोदाचाच विषय. गंभीर जनावर पाहायचे, तर गावच्या वेशीत. देशीवादाच्या चर्चांनी ही वेस आणखी उंच केली. परिणामी गावातून उठवलेल्या, पोटासाठी पुण्याला आणि तिथून परदेशी गेलेल्या माणसाच्या अनुभवाला आपल्या समीक्षेत फळीच नाही.

खरे तर परंपरेत ती आहे, आणि ती ग्रामीण साहित्याहून जुनी आहे. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनपर अभंगांत वासराची कथा येते. देवगावचे हे कुटुंब कर्जापायी घर सोडून निघाले, पंढरपूर आणि रहिमतपूर करत कोल्हापूरला पोचले आणि एका ब्राह्मणाच्या आश्रयाने राहिले. तिथे गाईबरोबर एक वासरू त्यांच्याकडे आले. बहिणा लहान मुलगी, पण लग्न झालेली. वासराला तिचा असा लळा लागला, की ती जाईल तिथे ते जाई. जयरामस्वामींच्या कीर्तनालाही गेले. गर्दीत अडचण होते म्हणून लोकांनी त्याला बाहेर काढले. स्वामींनी ते परत आत आणवले. पुढे नवऱ्याने बहिणाबाईंना मारझोड केली, आणि ते वासरूही गेले.

हा प्रसंग आपण चमत्कार म्हणून, नाहीतर स्त्रीच्या छळाची नोंद म्हणून वाचतो. त्यातली जागा कुणी पाहत नाही. परके गाव, दुसऱ्याचे घर, उठवलेले कुटुंब, आणि सोबतीला जनावर. 'इथे त्याला जागा नाही' असे म्हणणारे लोक, आणि 'आहे' म्हणणारा एकच माणूस. आमच्या विषयावरचा याहून नेमका मजकूर आम्हांला मराठीत ठाऊक नाही. त्याला आपण सुखवस्तू एकटेपणा म्हणणार आहोत काय?

आक्षेप आम्हांला माहीत आहेत. पहिला असा, की गोठ्यातले जनावर उपयोगाचे होते, हे निरुपयोगी आहे. अगदी बरोबर. आजोबांचे बैल औत ओढत, म्हणून होते. आणि गावात भाकड जनावराला बाजाराची वाट दाखवली जाई, हे आपल्या गहिवरलेल्या व्याख्यानांत कधी येत नाही. मग उपयोग संपल्यावरही ज्याला ताटातला घास मिळतो, त्याच्याशी असलेले नाते हलके कसे? कुत्रे भाकरी घेऊन पळाले, तेव्हा तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावलेल्या नामदेवांची कथा आम्ही भीमाकाठचे लोक लहानपणापासून ऐकतो. त्या कुत्र्याचा उपयोग काय, असे तिथे कुणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: लहान जागेत प्राणी कोंडणे हे क्रौर्य आहे. काही वेळा ते असतेच. रानात धावण्यासाठी घडलेला कुत्रा दोन खोल्यांत आणून दहा तास कोंडणे, आणि मायदेशी परतताना त्याला वाऱ्यावर सोडणे, याला आम्ही प्रेम म्हणणार नाही. परदेशात बदली कधी होईल याचा भरवसा नसेल, तर प्राणी आणूच नये. पण हा आक्षेप जबाबदारीचा आहे, अभिरुचीचा नाही. शिवाय दावेही आखूडच असते. क्रौर्य मोजायचेच, तर दोन्हीकडे एका मापाने मोजावे.

समीक्षेला जे सुचले नाही, ते कायद्याला सुचले आहे. फ्रान्सने ९ जुलै १९७०च्या कायद्याने राहत्या घराच्या करारातली पाळीव प्राण्यांवरील बंदी निरर्थक ठरवली. कॅनडातल्या ऑन्टारिओच्या २००६च्या भाडेकरू कायद्यात तशीच तरतूद आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २० मार्च २०१३ रोजी सांगितले, की छापील भाडेकरारात कुत्र्यामांजरांवर सरसकट बंदी घालता येत नाही. प्रत्येक बाबतीत दोन्ही बाजू तोलून पाहाव्या लागतील. भारतातही जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढून गृहसंस्थांना प्राण्यांवर अशी बंदी घालता येणार नाही, असे म्हटले. तरीही उजनीकाठची आमची भाचरे पुण्यात खोली शोधायला जातात, तेव्हा दारात प्रश्नांची यादी तयारच असते: आडनाव काय, मांसाहार करता का, मुलगी एकटीच राहणार का, कुत्रेमांजर नाही ना? माणसाचा अपमान आणि मांजराची अडचण आम्ही एका पारड्यात घालत नाही. पण यादी एकच आहे, आणि ती धरणारा हातही एकच आहे.

म्हणून शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच आहे. 'गोतावळा' शिकवताना मालकी कुणाची, हा प्रश्न विचारा. बहिणाबाईंचे वासरू भक्तीच्या फळीवरून काढून स्थलांतराच्या फळीवरही ठेवून पाहा. आणि पुढच्या वेळी परदेशस्थ लेखनात मांजर आढळले, तर हसण्यापूर्वी तो माणूस कुठून उठून आला आहे, याची चौकशी करा.

२०२४च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पातळीत गेला, तेव्हा आम्ही गावी होतो. उघड्या पडलेल्या गाळात जुन्या घरांची जोती दिसत होती. सासऱ्यांनी एका जोत्यापाशी थांबून काठीने दाखवले. इथे आम्ही निजायचो, इथे जनावरे. मधे भिंतीची खूण नव्हती. आम्ही नीट पाहिले.