पैसे कटले? आधी विचारा, आत्ता आहेत कुणाकडे!

लोधिवलीहून खोपोलीला किंवा पनवेलला कॉलेजला जाणाऱ्यांच्या खात्यात पैसे मोजून-मापूनच असतात. त्यातून परीक्षेच्या फॉर्मची फी कटली आणि स्क्रीनवर ‘पेमेंट फेल्ड’ आलं, तर पुन्हा फी भरायची की एसटीचा पास काढायचा, असा पेच पडतो. त्यावर मित्रांचं ठरलेलं उत्तर : ‘येतील रे पाच-सात दिवसांत!’ आणि आपण गप्प बसतो. हे गप्प बसणंच मला खटकतं.

आपण सरसकट ‘रिफंड’ म्हणतो, पण त्यात दोन वेगळी प्रकरणं आहेत.

पहिलं, व्यवहारच फसला. खात्यातून पैसे गेले, पण समोरच्याला पोचल्याची खात्री मिळाली नाही. यासाठी रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे. कार्डने ऑनलाइन पैसे भरले असोत, दुकानात स्वाइप केलं असो किंवा एटीएममधून नोटाच आल्या नसोत, व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत. यूपीआयने मित्राला पाठवलेले अडकले तर दुसऱ्याच दिवशी. त्यापुढे उशीर झाला, तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न पाहता.

दुसरं, पेमेंट नीट झालं, पण ऑर्डर रद्द केली किंवा फी दोनदा भरली गेली. इथे पैसे दुकानदाराकडे किंवा कॉलेजकडे पोचलेत. रिफंड आधी त्यांनीच सुरू करायचा असतो आणि ते 100 रुपयेही लागू होत नाहीत. म्हणून बँकेत जाऊन भांडू नका. दुकानदाराकडे कार्ड रिफंडचा ‘एआरएन’ क्रमांक मागा. तो दिला की बँकेला पैसे शोधता येतात. क्रमांकच मिळत नसेल, तर रिफंड खरंच सुरू झालाय का, हे तारखेसकट विचारा.

अॅपवाले मात्र दोन्हींसाठी ‘प्रोसेसिंग’ हा एकच शब्द वापरतात. पैसे कुणाकडे आहेत, कोणत्या तारखेपर्यंत येतील आणि उशिराची भरपाई लागू आहे का, हे स्क्रीनवर दाखवायला काय हरकत आहे? ‘शंभर रुपयांसाठी कोण भांडणार?’ असं म्हणाल. पण हे बक्षीस नाही. उशिराचा भार उशीर करणाऱ्यावर पडावा, म्हणून ती रक्कम आहे. कुणी विचारलंच नाही, तर तो भार आपल्याच खिशावर राहतो.

तेव्हा एसएमएस आणि स्क्रीनशॉट जपा. बँकेत तक्रार लेखी करा, तिचा क्रमांक घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट ऑनलाइन तक्रार करता येते. दुकानदार टाळत असेल, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

घाईत एक चूक मात्र करू नका. सर्चमध्ये दिसेल त्या ‘कस्टमर केअर’ नंबरला फोन लावू नका, नंबर बँकेच्या अॅपमधून किंवा कार्डामागचा घ्या. पैसे परत मिळवायला पिन किंवा ओटीपी कधीच लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवा, फसलात तर लगेच 1930 लावा.

रक्कम दोनशेची असो की दोन हजारांची, पैसे तुमचे आहेत. हिशेब मागायला लाजू नका!