आपले सोंग आपणच घ्यावे



गळीत हंगाम संपला, शेवटची मोळी गव्हाणीत पडली, की आपल्या पट्ट्यात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. जत्रा म्हटली की करमणूक आली, आणि तिचे उत्तर हल्ली ठरलेले आहे. वर्गणी काढायची, ठेकेदाराला इसार द्यायचा, ऑर्केस्ट्रा नाहीतर डीजे आणायचा. रात्री कार्यक्रम उरकतो, सकाळी मैदानात प्लॅस्टिकचे ग्लास उरतात. गावाच्या पदरात काय पडले, हे कोणी विचारीत नाही. ते आज मी विचारणार आहे.

आमच्या गावात एके काळी हौशी नाट्यमंडळ होते. मीही त्यात तोंडाला रंग लावलेला आहे. तालमी शाळेच्या वर्गात, कंदिलाच्या आणि पुढे चाळीसच्या बल्बच्या उजेडात. स्त्रीपार्ट गावातलीच पोरे करीत. नाटकाच्या रात्री चार कोसांवरून बैलगाड्या येत. मग हळूहळू सगळे आटले. नायकाचे काम करणारा नोकरीला शहरात गेला. मोटारीला लाईट रात्रीची आली. एकदा तर तालमीच्या ऐन प्रवेशात लाईट आली, आणि राजा, प्रधान, सेनापती तिघेही दारं धरायला पळाले! सिंहासनापाशी एकटा प्रॉम्प्टर उरला. पण खरे सांगायचे तर मंडळ लाईटीने मोडले नाही, हिशेबाने मोडले. एका वर्षी शिल्लक किती राहिली हे सांगणारे कोणी निघेना. दोन तट पडले. पडद्यांची पेटी एका तटाकडे, तबला-पेटी दुसऱ्याकडे. पडदे उंदरांनी खाल्ले. नाटकवेडी माणसे अजून आहेत, मंडळ मात्र नाही.

हे सगळे डोक्यात असतानाच मला मोखाड्याकडचा बोहाडा बघण्याचा योग आला.

जव्हार-मोखाडा हे नाव आपण ऐकतो ते बहुधा वाईट बातमीतच. १९९२ सालच्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंपासून 'कुपोषण' या शब्दाला तो मुलूख जणू चिकटूनच राहिला. पूर्वी ते मुकणे राजांचे संस्थान, पुढे ठाणे जिल्ह्यात, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. डोंगराळ जमीन, पावसाळ्यात नाचणी-वरई-भात, आणि दसरा-दिवाळीनंतर माणसे पोटापाठी बाहेर. कोणी वीटभट्टीवर, कोणी रेतीवर, कोणी आपल्या नाशिककडच्या द्राक्षबागांत.

आमच्या बागेत तिकडचा एक गडी कामाला येतो. कामाचे दिवस असताना एके दिवशी म्हणाला, "दादा, चार दिवस नाय यायचो. गावाला बोहाडा हाय." मी म्हटले, अरे, तुझ्या एकट्यावाचून काय अडलंय? मजुरी बुडेल. तो शांतपणे म्हणाला, "आमच्याकडं रावणाचं सोंग हाय ना. मी नाय गेलो तर रावण कोण नाचवील?"

ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. चार दिवसांची मजुरी सोडून माणूस निघाला, कारण गावात एक जागा त्याची आहे आणि ती दुसरा कोणी भरणार नाही. आमच्या मंडळात असे कोण म्हणाले होते? मग मीही त्याच्याबरोबर गेलो.

ज्यांनी बोहाडा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. होळीनंतर पाऊस लागेपर्यंतच्या दिवसांत गावे आपापला बोहाडा करतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, शिवाय नाशिककडच्या पेठ, सुरगाणा, इगतपुरी भागातही ही चाल आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर अशा समाजांची माणसे यात असतात. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे, त्यांनाच सोंगे म्हणतात. गणपती, शारदा, मारुती, राम-लक्ष्मण, नरसिंह, रावण, कुंभकर्ण, त्राटिका, भीम अशी एकामागून एक येतात. संबळ-सनईच्या तालावर सोंग गावच्या रस्त्याने नाचत येते, दोन्ही बाजूंना माणसे दाटीवाटीने बसलेली. पूर्वी उजेड फक्त टेंभ्यांचा, आता बल्बही आले. शेवटच्या मोठ्या रात्री देवी आणि महिषासुर यांचे युद्ध होते, तोवर पहाट झालेली असते. ना रंगमंच, ना पडदा, ना तिकीट.

रावणाचा दहा तोंडांचा मुखवटा डोक्यावर बांधणे म्हणजे पोरखेळ नाही. आमचा गडी त्या ओझ्याखाली नाचला, घामाने निथळला. मुखवटा उतरल्यावर मी विचारले, जड होते का? म्हणाला, "बापाच्यानं होत होतं, तर माझ्यानं का नाय?"

मुद्दा असा, की हा नाटकाचा कारखाना सहकारी आहे. मुखवटा घरोघर सांभाळला जातो, त्याची पूजा होते, डागडुजी होते. वाजविणारे ठरलेले, टेंभा धरणारे ठरलेले, तेल-नारळाची वर्गणी ठरलेली. मोठा नट असा कोणी नाहीच, कारण तोंड झाकलेले! टाळी सोंगाला मिळते, माणसाला नाही. म्हणून रुसवाफुगवा कमी. आपल्या सहकारात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. बोहाड्यातही थोडीफार तीच रीत.

कोणी म्हणेल, तिकडे देवाचे काम आहे, म्हणून माणसे धावतात. नुसत्या नाटकाला कोण येतो? शंका रास्त आहे. पण देवाचा नवसही माणसांनीच पाळावा लागतो. जर्मनीत ओबरआमरगाऊ नावाचे डोंगराळ गाव आहे. १६३३ साली प्लेगच्या साथीत तिथल्या लोकांनी येशूचे नाटक करण्याचा नवस बोलला, १६३४ साली पहिला प्रयोग झाला. तेव्हापासून बहुधा दर दहा वर्षांनी गावकरीच ते करतात. भूमिका घ्यायची तर त्या गावात जन्म हवा, नाहीतर वीस वर्षांचे वास्तव्य. २०२० चा प्रयोग कोरोनामुळे हुकला, तो त्यांनी २०२२ साली केला. नवस सगळ्यांनीच बोलले असतील. टिकले ते ज्यांनी कामे वाटून घेतली त्यांचे.

आणि जुने ते सगळे डोळे मिटून घ्यावे असेही मी म्हणत नाही. त्याच ओबरआमरगाऊत लग्न झालेल्या आणि पस्तिशी उलटलेल्या स्त्रियांना भूमिका मिळत नसे. १९९० साली कोर्टाच्या निकालाने त्यांचा हक्क मान्य झाला. सोंगाचा मान घराण्यातच चालत राहणे, स्त्रीचे सोंगही पुरुषानेच घेणे, ही रीत आपण उचलू नये. आपल्या लेकी-सुना आज ग्रामपंचायतीत बसतात, बचत गटाचे हिशेब चोख ठेवतात. त्यांना नाटकात जागा नसेल तर ते गावाचे नाटक कसले?

म्हणून माझी सूचना अशी. गावोगाव पुन्हा नाट्यमंडळ उभे करावे, आणि पहिल्याच बैठकीत चार गोष्टी ठरवाव्यात. पहिली, कामे आधी वाटावीत, नाटक मागून निवडावे. पंचवीस घरांची पंचवीस कामे निघाली पाहिजेत, मग ते पडदा ओढण्याचे का असेना. दुसरी, तालमीचे दिवस लाईटीचे वेळापत्रक पाहून धरावेत. हसू नका, निम्मी मंडळे इथेच बुडतात. तिसरी, प्रयोगानंतर आठ दिवसांच्या आत जमाखर्च चावडीवर लिहून लावावा, पै न् पैचा. चौथी, दरवर्षी एक तरी नवा माणूस रंगमंचावर आणि एक तरी जुना माणूस तालीम मास्तर म्हणून बसवावा, म्हणजे विद्या पुढे जाते.

राहिला पैसा. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, हे खरेच. पण कारखान्याने सगळा खर्च उचलावा असे मी मुळीच म्हणणार नाही. कारखान्याच्या अनुदानावर उभे राहिलेले मंडळ संचालक मंडळ बदलले की आडवे होते. गावाने निम्मे जमवावे, उरलेल्यासाठी सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव मांडावा, आणि डीजेच्या खर्चाशी तुलना करून सभासदांनीच काय ते ठरवावे.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले, तेव्हा मराठी नाटकाला ना थिएटर होते ना पूर्वतयारी. आपल्याकडे तर शाळेची इमारत आहे, लाईट आहे, माणसे आहेत. नाही ते एवढेच, की "मी नाही गेलो तर माझे सोंग कोण नाचवील?" असे म्हणणारा माणूस. तो ठेकेदाराकडून भाड्याने मिळत नाही. त्याला गावानेच जागा द्यावी लागते.

यंदाच्या जत्रेची बैठक लवकरच बसेल. वर्गणीचा आकडा सांगण्याआधी एकेकाने आपले काम सांगावे. सुरुवात मी करतो: मी प्रॉम्प्टर.

— एक ऊस उत्पादक सभासद