धरणातल्या होडीला कोणते यंत्र?

निम्न दुधना धरणाचा फुगवटा जालना जिल्ह्यात परतूर तालुक्यापर्यंत येतो. तिथल्या मच्छीमारांनी मासे शोधणारे यंत्र घेताना समुद्रातल्या ट्रॉलरची नक्कल करू नये. हे यंत्र पाण्यात ध्वनिलहरी सोडते आणि परतलेल्या प्रतिध्वनीवरून खोली सांगते. 50 किलोहर्ट्झची लहर खोल समुद्रासाठी. उथळ धरणात 200 किलोहर्ट्झ बरी, कारण तिच्यामुळे तळातले खुंट आणि मासे अधिक स्पष्ट वेगळे दिसतात. पडदा लहान चालेल, पण भर उन्हात वाचता यायला हवा. जीपीएस मात्र असावेच. जाळ्याची जागा आणि अंधारातली परतीची वाट तेच दाखवते. मच्छीमार सोसायट्यांनी यंत्र सामायिक घ्यावे, आणि त्याआधी प्रत्येकाला लाइफ जॅकेट द्यावे.