केशकर्तनाचा परवाना : दार की भिंत?

अमेरिकेत पैसे घेऊन दुसऱ्याचे केस कापायचे असतील तर तुझा बाप काय करीत होता, हे कोणी विचारीत नाही. परवाना आहे काय, एवढेच विचारले जाते. हा परवाना प्रत्येक राज्याचे मंडळ देते. त्यासाठी आधी ठरावीक तासांचे शिक्षण, मग लेखी परीक्षा आणि अनेक राज्यांत प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. ज्या देशात जन्म हाच धंद्याचा परवाना ठरला, त्या आपल्या देशातील बहुजनांनी ही व्यवस्था नीट समजून घेतली पाहिजे. तिच्यातले घेण्यासारखे घेतले पाहिजे आणि तिच्यातला डावही ओळखला पाहिजे.

या परीक्षेची तयारी म्हणजे नुसता कैची चालविण्याचा सराव नव्हे. दाढीसाठी चेहऱ्याचे चौदा भाग मानून कोणत्या भागावर वस्तरा कोणत्या पकडीने आणि कोणत्या दिशेने फिरवायचा, हे विद्यार्थ्याला पाठ करावे लागते. त्वचेचे थर, केसाची वाढ, डोक्यातला आणि दाढीतला नायटा, जंतुनाशकात हत्यारे किती वेळ बुडवून ठेवायची, रक्त आले तर काय करायचे, संसर्ग झालेले गिऱ्हाईक आले तर त्याला डॉक्टरकडे का पाठवायचे, या सगळ्यावर प्रश्न येतात. प्रात्यक्षिकात जमिनीवर पडलेला कंगवा उचलून तसाच वापरला की गुण गेले! आपल्याकडे ज्या कामाला धर्मशास्त्राच्या नावाने हलके ठरविले, त्याच कामात शरीरशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे, आरोग्यशास्त्र आहे, हे या परीक्षेने मान्य केले. या बाजूने पाहिले तर परीक्षा हे दार आहे. अभ्यास करील तो आत येईल.

पण दार बांधणारा कोण, हा प्रश्न आपल्या चळवळीने नेहमीच विचारला आहे. यादवी युद्धापूर्वी अमेरिकेच्या अनेक शहरांत गोऱ्या धनिकांची दाढी करणारे नामांकित केशकर्तनकार कृष्णवर्णीय होते, कारण गोऱ्यांना ते सेवकाचे काम वाटे. याच धंद्यातून अलोन्झो हर्न्डन उभे राहिले. १८५८ साली गुलामीत जन्मलेल्या या माणसाने अटलांटात केशकर्तनालये काढली आणि १९०५ मध्ये अटलांटा लाईफ ही विमा कंपनी उभारली. धंद्यात पैसा आणि प्रतिष्ठा दिसू लागताच गोऱ्यांना तो हवासा झाला. १८९७ मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला परवाना कायदा केला आणि पुढे गोऱ्या कारागिरांच्या संघटनांनी राज्याराज्यांत असे कायदे लावून धरले. स्वच्छतेचे कारण खोटे नव्हते, पण त्या कारणाच्या आडून कृष्णवर्णीयांना बाहेर काढण्याचे प्रयत्नही झाले. १९२६ साली तर अटलांटाच्या नगरपरिषदेने कृष्णवर्णीय केशकर्तनकारांनी गोऱ्या स्त्रिया आणि चौदा वर्षांखालील गोरी मुले यांचे केस कापू नयेत, असा फतवाच काढला. १९२७ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कायदा आंधळा असतो म्हणतात, पण कायदा करणाऱ्याचे डोळे उघडे असतात!

आजही ही भिंत पुरती पडलेली नाही. पंधराशे तासांचे शिक्षण म्हणजे आठवड्याला चाळीस तास धरले तरी नऊ महिने. या काळात कमाई नाही आणि शाळेची फी हजारो डॉलर. गरीब वस्तीतल्या पोराने हे नऊ महिने खायचे काय? टेक्सासमध्ये आफ्रिकन पद्धतीच्या वेण्या घालणाऱ्या आयसिस ब्रँटली यांना परवाना नाही म्हणून १९९७ मध्ये अटक झाली. जी कला त्यांच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली, तिच्यासाठी त्यांनी इतरांच्या शाळेत जाऊन शिकायचे! त्या लढत राहिल्या आणि २०१५ मध्ये टेक्सासने वेण्या घालण्यासाठी परवान्याची अट काढून टाकली. पेनसिल्व्हेनियात सौंदर्यसेवेच्या परवान्यासाठी ‘चांगल्या चारित्र्या’ची अट होती आणि जुन्या गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेल्या स्त्रियांना ती आडवी येई. २०२० मध्ये तेथील न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली.

सर्वांत मोठा प्रश्न अभ्यासक्रमाचा आहे. ओहायोतील यलो स्प्रिंग्ज गावात एका गोऱ्या केशकर्तनकाराने कृष्णवर्णीयांचे केस कापायला नकार दिला. सबब काय, तर ‘असले केस कापता येत नाहीत!’ मार्च १९६४ मध्ये त्याच्या दुकानासमोर निदर्शने झाली आणि शंभरावर लोकांना अटक झाली. आपल्याकडची सबब विटाळाची, तिकडची अज्ञानाची. परंतु ज्या अभ्यासक्रमात कुरळ्या केसांना जागाच नसते, तो अभ्यासक्रम अशा अज्ञानाला अधिकृत शिक्का मारतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने सौंदर्यसेवेच्या शिक्षणात सर्व प्रकारच्या केसांचा समावेश सक्तीचा केला. त्या निदर्शनांनंतर जवळजवळ साठ वर्षांनी! कॅलिफोर्नियाने २०२२ पासून शिक्षण पंधराशे तासांवरून हजारावर आणले, प्रात्यक्षिक परीक्षा काढून टाकली आणि लेखी परीक्षा तर तेथे स्पॅनिश, व्हिएतनामी, कोरियन भाषांतही देता येते. लोक लढले की भिंतीत दार पडते, ते असे.

आता आपल्याकडे वळू या. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या अठरा व्यवसायांत केशकर्तनही आहे. पाच ते सात दिवसांचे प्रशिक्षण, दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी पंधरा हजार. गरीब नाभिक बांधवाला ही मदत मिळाली तर आनंदच आहे. परंतु योजनेचा पाया काय? कुटुंबात चालत आलेला पारंपरिक व्यवसाय! म्हणजे बापाचा वस्तरा मुलाच्या हाती, आणि वर सरकारी प्रमाणपत्र. वंशपरंपरेने लादलेल्या धंद्यावर बाबासाहेबांनी जो घाव घातला, त्याच्या नेमके उलट हे पाऊल आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ६ नुसार अस्पृश्यतेच्या कारणाने सेवा नाकारणे हा गुन्हा आहे. कलम ८ सांगते की, असा गुन्हा सिद्ध झालेल्या व्यक्तीकडे त्या धंद्याचा परवाना असेल, तर न्यायालय तो रद्द किंवा निलंबित करू शकते. किती धारदार कलम! पण गावात केस कापायला मुळात परवानाच लागत नाही, मग रद्द काय करणार? दलित वस्तीतल्या तरुणाला आजही कित्येक गावांत केस कापण्यासाठी तालुक्याला जावे लागते. याचा सगळा दोष नाभिकाच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. त्याच्यामागे गावातला जमीनदार बहिष्काराची धमकी देत उभा असतो. उद्या परवाना आला, तर त्या धमकीला ‘माझा परवाना जाईल’ हे उत्तर देण्याची ताकद त्या बलुतेदारालाही मिळेल.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. परीक्षा हवी, पण सहा-नऊ महिने पोट मारणारी नको. शिक्षण थोडे, विद्यावेतनासह आणि मराठीत असावे. आज वस्तऱ्यावर पोट असणाऱ्याचा अनुभव शिक्षण म्हणून धरावा, नाहीतर वातानुकूलित सलूनच्या साखळ्या त्याला कायद्याच्या जोरावर रस्त्यावर आणतील. प्रवेश सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांना खुला असावा. आणि परवान्याची पहिली अट ही असावी की, खुर्चीवर बसणाऱ्या कोणत्याही माणसाच्या डोक्याला नकार देता येणार नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना अभ्यासक्रमात आपले केस आणायला साठ वर्षे लागली. आपण प्रश्नपत्रिका छापली जाण्याआधीच जागे झाले पाहिजे.